सगळ्यात जड रकाना

माझा भाचा जळगावात एका व्यापारी पेढीत कॉम्प्युटरचे काम पाहतो. केळीच्या गाड्या कुठून आल्या, वजन किती भरले, कुणाचे किती पैसे निघतात, याचा अहवाल रोज सकाळी नऊच्या आत मालकाच्या मोबाइलवर दिसला पाहिजे, ही त्याची जबाबदारी. आकड्यांचे तक्ते आणि आलेख आपोआप काढणारे एक सॉफ्टवेअर हे काम करते. या धंद्यात त्याला बिझनेस इंटेलिजन्स म्हणतात. गेल्या पावसाळ्यात अहवाल निघेना. पहाटे रिफ्रेश सुरू व्हायचा, अर्ध्यात बंद पडायचा, आणि मालकाला कालचेच आकडे दिसायचे. चार रात्री पोरगा नीट झोपला नाही.

पाचव्या दिवशी तो घरी आला तेव्हा चेहरा खुलला होता. काय केलेस विचारले तर म्हणाला, "मामू, डेटा जास्त झाला होता. कमी केला." मी म्हटले, म्हणजे जुन्या वर्षांचा काढून टाकलास? तर म्हणाला, "नाही. ओळी काढून फार फरक पडत नाही. रकाने बघावे लागतात."

मग त्याने जे समजावले ते मला पटकन कळले, कारण ते मी दुसरीकडे वाचलेले होते. अशा सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक रकान्यासाठी एक छोटा शब्दकोश तयार होतो. गावाच्या रकान्यात लाखभर ओळी असल्या तरी गावे शंभरच असतात. म्हणून यावल, रावेर, चोपडा ही नावे एकदाच लिहायची आणि पुढे फक्त त्यांचे क्रमांक ठेवायचे. असा रकाना कापसासारखा हलका. पण पावती क्रमांकाच्या रकान्यात प्रत्येक ओळीत नवा आकडा. तिथे शब्दकोशच मूळ वहीएवढा होतो. सगळ्यात जड रकाना तोच. तारीख आणि वेळ सेकंदासकट एकत्र लिहिली तरी तोच प्रकार. पॉवर बीआयसारख्या प्रणालीत साध्या परवान्यावर एका डेटासेटला १ जीबीची मर्यादा असते. शिवाय रिफ्रेश चालू असताना नवी प्रत तयार होईपर्यंत जुनी प्रतही उघडी ठेवावी लागते. म्हणजे जागा जवळपास दुप्पट लागते. भाच्याने पावती क्रमांक काढला, वेळेतले सेकंद काढले आणि अहवाल दहा मिनिटांत निघू लागला.

"पण नेमका कुठला रकाना काढायचा, हे कसे ठरवलेस?"

"जो कुठल्याच तक्त्यात वापरलेला नाही, तो आधी काढायचा. कुणी बघतच नाही तर कशाला सांभाळायचा?"

व्यवहाराच्या दृष्टीने त्याचे काही चुकले नाही. पेढीच्या मूळ वहीत पावत्या शाबूत आहेत. पण हाच नियम या देशात एकदा माणसांना लावला गेला आणि तेव्हा मूळ वही शाबूत राहिली नाही. खानदेशातल्या मुसलमानांच्या घरात आज जातीच्या दाखल्यावरून जी ओढाताण चालते, तिची एक मुळी तिथवर जाते.

जनगणनेला आपल्याकडचा जुना शब्द खानेसुमारी. 'खाना' म्हणजे घर, 'शुमार' म्हणजे मोजणी. फारसीतून मराठीत आलेला हा शब्द दफ्तरी कागदांत रुळलेला होता. इंग्रजांनी मुंबई इलाख्याची पहिली नियमित खानेसुमारी १८७२ मध्ये केली, आणि १८८१ पासून दर दहा वर्षांनी ती होत गेली. तेव्हा जळगाव आणि धुळे असे वेगळे जिल्हे नव्हते. सगळा मिळून एकच खानदेश जिल्हा आणि त्याचे ठाणे धुळे. १९०६ मध्ये पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश अशी वाटणी झाली; जळगाव पूर्वेचे ठाणे झाले आणि धुळे पश्चिमेचे राहिले. १९०१ च्या मोजणीत या अखंड खानदेशात सुमारे १४ लाख माणसे भरली होती.

१४ लाख माणसे मोजणे एक वेळ सोपे. मोजून आणलेल्या कागदांतून तक्ते काढणे अवघड. १८८१ आणि १८९१ मध्ये कारकून मोठमोठे आखलेले ताव पुढ्यात घेऊन बसत आणि प्रत्येक माणसामागे योग्य चौकटीत एक रेघ मारत. एक रेघ चुकली की अख्खा ताव संशयित. १९०१ मध्ये पद्धत बदलली. जर्मनीतल्या बव्हेरियात १८७१ च्या जनगणनेसाठी गेऑर्ग फॉन मायर यांनी चिठ्ठ्यांची पद्धत काढली होती, ती इथे आणली. प्रत्येक माणसामागे एक चिठ्ठी. तिच्यावर त्याची माहिती नकलून घ्यायची आणि मग चिठ्ठ्या कप्प्याकप्प्यांत लावून मोजायच्या. पुरुषांच्या वेगळ्या, बायकांच्या वेगळ्या; मग त्यातल्या लग्न झालेल्या, विधवा; मग शिकलेल्या, न शिकलेल्या. पत्ते पिसून लावावेत तसे.

आता या चिठ्ठीत एक युक्ती होती. लिहिण्याचा वेळ वाचावा म्हणून धर्म लिहायचाच नाही, असे ठरले. धर्मासाठी कागदाचा रंग ठरलेला. हिंदूंची चिठ्ठी एका रंगाची, मुसलमानांची दुसऱ्या, ख्रिस्ती, जैन यांची आणखी वेगळ्या. स्त्री-पुरुष आणि लग्न झाले की नाही, हे दाखवायला छापील खुणा. कारकुनाने योग्य रंगाचा, योग्य खुणेचा कागद उचलला की निम्मी माहिती एकही अक्षर न लिहिता नोंदली गेली. भाच्याला हे सांगितले तेव्हा तो हसत सुटला. त्याच्या सॉफ्टवेअरमधला शब्दकोश आणि क्रमांक यांचा हा कागदी अवतार.

पण रंग किती असणार? सात-आठ. धर्मही तेवढेच. म्हणून धर्माचा रकाना पहिल्यापासून सगळ्यात स्वस्त ठरला. आठ धर्म, स्त्री आणि पुरुष, साक्षर आणि निरक्षर असा तक्ता मांडला तर बत्तीस कप्पे होतात. एका भिंतीवर मावतात. जातीचे तसे नाही. १९३१ च्या जनगणनेत देशभरात ४,१४७ जाती नोंदल्या गेल्या, असा आकडा केंद्र सरकारने अलीकडे सर्वोच्च न्यायालयात दिला आहे. त्याच हिशेबाने कप्पे करायचे तर १६,५८८ होतात. त्यात जिल्हे घातले, वय घातले, धंदा घातला की कप्प्यांचे एक गावच वसते. तरीही १९०१ ते १९३१ या चारही मोजण्यांत वंश, जमात आणि जातीचे तक्ते काढले गेले. मुसलमानांतल्या गटांचेही काढले गेले. नावांचा गोंधळ होऊ नये म्हणून जातींच्या याद्या आणि त्यांची पर्यायी नावे आधीच तयार केली जात. १९०१ ची मुंबई इलाख्याची मोजणी ज्यांच्या देखरेखीखाली झाली, त्या आर. ई. एन्थोव्हेन यांनी पुढे १९२० ते १९२२ या काळात या इलाख्यातल्या जाती-जमातींवर तीन जाडजूड खंडच काढले. इंग्रजांचा हेतू काही आपल्या भल्याचा नव्हता, हे मला मान्य आहे. कोण लढवय्या, कोण गुन्हेगार, कोण राजनिष्ठ, असले वेडगळ साचे त्यांनी याच तक्त्यांतून बनवले. पण त्या तक्त्यात आमचे नाव होते.

मग १९४१ आले. महायुद्ध सुरू होते, पैसा आणि कागद दोन्ही टंचाईत. जनगणना आयुक्त होते एम. डब्ल्यू. एम. यीट्स. त्यांनी बरेच शहाणपणाचे बदल केले. पूर्वी गणक मोठ्या कागदावर लिहून आणत आणि मग कार्यालयात चिठ्ठ्या नकलल्या जात. यीट्स यांनी गणकाच्या हातातच चिठ्ठ्यांचे पॅड दिले आणि नक्कल करण्याचा टप्पाच काढून टाकला. एका रात्रीत सगळा देश मोजायचा हा जुना हट्टही त्यांनी सोडला. मोजणी झाली, पण तक्त्यांना कात्री लागली. आणि कात्रीखाली पहिला सापडला तो जातीचा अखिल भारतीय तक्ता. कारण सरळ होते. तो अवाढव्य होता, महाग होता आणि केंद्र सरकारने त्याचा भार वाहण्याचे दिवस संपले, असे यीट्स यांचे मत होते.

धर्माचा तक्ता मात्र कुणी छाटला नाही. तो स्वस्त होता हे एक. पण त्याहून मोठे कारण म्हणजे तो रोज कुणीतरी बघत होते. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी मुसलमानांना वेगळे मतदारसंघ दिले. १९३२ चा जातीय निवाडा आला, १९३५ चा कायदा आला. कायदेमंडळात कुणाच्या किती जागा, हे धर्माच्या आकड्यावर ठरू लागले. १९४१ मध्ये तर तक्त्याच्या मथळ्यातला 'धर्म' जाऊन तिथे 'समाज' आला. राजकारणाला हवे होते तेच. मुस्लिम लीगला हवा होता मुसलमानांचा एक आकडा. काँग्रेसला, हिंदू महासभेला, व्हाइसरॉयलाही तोच एक आकडा हवा होता. त्या आकड्याच्या आत पिंजारी किती, मोमीन किती, तडवी किती, हे विचारणारा त्या दिवाणखान्यात कुणी नव्हता. भाच्याचा नियम आठवतो. जो रकाना कुठल्याच तक्त्यात वापरलेला नाही, तो आधी काढायचा. फक्त एक गोष्ट त्या नियमात बसत नाही. रकाना काढला की त्याच्यावरून पुढे तक्ता मागण्याची सोयही जाते.

स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये अनुसूचित जाती आणि जमाती सोडून बाकी जातींचे तक्ते प्रसिद्ध करायचे नाहीत, असे धोरण ठरले. इथे कारण वेगळे होते. फाळणी नुकतीच झाली होती, देश जोडायचा होता, जात विसरायची होती. भावना चांगली होती. पण जात विसरायची ठरवली ती आकड्यांत. गावात कुणी विसरले नाही. धर्म मात्र मोजत राहिले. म्हणून २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४२,२९,९१७ आणि त्यात मुसलमान सुमारे १३ टक्के, एवढे कुणीही सांगेल. त्या तेरा टक्क्यांच्या आत कोण आहे, हे त्याच जनगणनेतून काढता येत नाही. १९०१ च्या चिठ्ठीतला एक रंग तेवढा उरला. त्यावरची अक्षरे गेली.

यीट्स यांनी एक गोष्ट केली, तिचे मला कौतुक वाटते. युद्धामुळे सगळे तक्ते निघणार नाहीत हे ओळखून त्यांनी पन्नासात एक या प्रमाणात चिठ्ठ्या वेगळ्या काढून जपायला लावल्या. पुढे त्या दोन टक्के नमुन्यावरून वयोगटांचे तक्ते तयार करता आले. माहिती कमी करायची, पण पुन्हा विचारता येईल एवढे शिल्लक ठेवायचे, हा विचार त्यात होता. बाकीच्या चिठ्ठ्या मात्र गेल्या. भारतात गणकांनी भरून आणलेले मूळ कागद तक्ते निघाल्यावर जपण्याची रीत नव्हती. ब्रिटनमध्ये शंभर वर्षांनी आणि अमेरिकेत बहात्तर वर्षांनी जुन्या जनगणनेचे मूळ कागद लोकांना पाहायला खुले होतात. तिथला माणूस पणजोबाचे घर, धंदा, पोरे सगळे शोधून काढतो. जळगावचा माणूस कुणाही पणजोबाला १९०१ च्या खानेसुमारीत शोधू शकत नाही. एकट्या मुसलमानांवर झालेला हा अन्याय नव्हे; सगळ्यांचेच कागद गेले. पण ज्याच्याकडे दुसरा कागद होता, त्याचे निभावले.

दुसरा कागद म्हणजे गावचे कोतवाल बुक आणि शाळेचे जनरल रजिस्टर. आता यावर थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण खरे दुखणे इथे आहे.

आमचे घराणे पिंजाऱ्यांचे. खानदेश कापसाचा मुलूख. सरकी काढलेला कापूस पिंजून गाद्या, रजया भरणे हा आमचा पिढीजात धंदा. धनुकली खांद्यावर टाकून आजोबा गावोगाव फिरत. तिच्या तातेचा टणत्कार ऐकला की बायका जुन्या गाद्या अंगणात आणून टाकत, असे दादी सांगायची. जिनिंगचे कारखाने आले, मग पिंजायची यंत्रे आली आणि धनुकली माळ्यावर गेली. गावात आजोबांना सगळे पिंजारी म्हणूनच ओळखत. उधारीच्या वहीत ते पिंजारी, मशिदीच्या वर्गणीत पिंजारी. पण वडिलांना शाळेत घातले तेव्हा रजिस्टरच्या 'जात' या रकान्यात मास्तरांनी लिहिले: मुसलमान. मास्तरांच्या मनात काही काळे नव्हते. त्यांना तो रकाना भरायचा होता, आणि समोरच्या टोपीवाल्याकडे पाहून भरता येण्यासारखा तोच एक शब्द होता. हिंदू मुलाच्या रकान्यात 'हिंदू' एवढेच लिहून कुणी थांबत नसे. तिथे कुणबी, माळी, कोळी, सोनार असे पुढचे यायचे. आमच्या रकान्यात शब्दकोश एका शब्दाचा.

महाराष्ट्रात इतर मागासवर्गाचा दाखला मिळवायचा तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीपासूनचा वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा लागतो. त्या तारखेआधीचा जो कागद हाती असतो, त्यावर मुसलमान किंवा इस्लाम. मग तहसील कार्यालयाच्या फेऱ्या, चुलत्याचा दाखला, आत्याच्या नवऱ्याचा दाखला, गृहचौकशी, शपथपत्र. माझ्या चुलत भावाचा दाखला तीन वर्षांनी झाला, तोवर त्याच्या मुलाचे प्रवेशाचे वर्ष निघून गेले. मणियार, बागवान, खाटीक, तांबोळी, अत्तार अशा किती बिरादऱ्यांत ही कहाणी ऐकायला मिळते. यावल, रावेर, चोपड्याच्या सातपुड्यालगतच्या गावांतल्या तडवी बांधवांची गोष्ट याहून गुंतागुंतीची. ते धर्माने मुसलमान आणि जमातीने भिल्ल. अनुसूचित जमातींच्या यादीत तडवी भिल्ल हे नाव आहे, आणि जमातीच्या हक्काला धर्माची अट नाही. पण आजोबाच्या दाखल्यावर नुसते 'मुसलमान' असेल तर पडताळणी समितीपुढे नातवाने भिल्लपण सिद्ध करायचे कसे?

मंडल आयोगाला मागासवर्गीयांची संख्या काढायची होती, तेव्हा १९३१ च्या आकड्यांकडे जावे लागले, हे सर्वांना माहीत आहे. पन्नास वर्षांपूर्वीच्या रिफ्रेशवर १९८० चा अहवाल. महाराष्ट्रात मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी राहिली ती शब्बीर अहमद अन्सारी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या खटपटीतून. दिलीपकुमार यांनीही तिला साथ दिली, जाहीर सभांतून फिरले. दाखल्यांचा प्रश्न पुष्कळ हलका झाला तो त्यामुळे. तरी आकडा नव्हताच. २००६ मध्ये सच्चर समितीने मुसलमानांत इतर मागासवर्गीय ४०.७ टक्के आहेत असे सांगितले, तेही जनगणनेवरून नव्हे. राष्ट्रीय नमुना पाहणीत लोकांनी स्वतःविषयी जे सांगितले त्यावरून. यीट्स यांच्या पन्नासात एक चिठ्ठीसारखेच हे. देशाचा अंदाज येतो, तालुक्याचा येत नाही.

रकाना काढून टाकण्याने काय होते ते पाहिले. पण रकाना नुसता मोकळा सोडला तर काय होते, हेही आपण पाहिले आहे, आणि ते फार जुने नाही. २०११ मध्ये सामाजिक, आर्थिक आणि जातनिहाय गणना झाली. गणकाने घरी येऊन जात विचारायची आणि सांगतील ते टिपायचे. ठरलेली यादी हातात नाही, पर्यायी नावांचा कोश नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्राने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिले, त्यात परिणाम सांगितला आहे: ४६ लाखांहून अधिक जाती. एकट्या महाराष्ट्रात ४,२८,६७७ जातींची नावे निघाली. राज्याच्या अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्ग या तिन्ही याद्या मिळून नावे होती ४९४. नोंदलेल्या जातींपैकी ९९ टक्के जातींत शंभरही माणसे नव्हती.

भाच्याला मी हे आकडे दाखवले तर तो म्हणाला, "मामू, हा तर पावती क्रमांक झाला." खरेच आहे. पिंजारी, पिंजारा, पिंजारी मुस्लिम, मुसलमान पिंजारी, मन्सुरी, मन्सूरी, नदाफ, नद्दाफ. इंग्रजीत लिहिताना एका नावाची आणखी चार स्पेलिंगे. आडनाव, गोत्र, पोटजात, धंदा, जे सांगितले ते आत गेले. माणसे तीच, पण प्रत्येक स्पेलिंगची एक नवी जात. या ढिगातून तक्ता निघणे शक्य नव्हते. २०१५ मध्ये वर्गवारीसाठी अरविंद पानगढिया यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञगट जाहीर झाला. त्याचा अहवाल काही आला नाही. जातीचे आकडे प्रसिद्ध झाले नाहीत, आणि ते चुकांनी भरलेले असल्यामुळे देता येत नाहीत, असे केंद्राने न्यायालयाला सांगितले. इंग्रजांनी शंभर वर्षांपूर्वी कागदावर केलेली याद्यांची पूर्वतयारी कॉम्प्युटरच्या काळात आपण केली नाही. माझे स्पष्ट मत आहे की ही अडचण टाळता येण्यासारखी होती.

त्याची किंमत आपल्याच धुळ्याने मोजली. ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विकास किशनराव गवळी यांच्या याचिकेवर निकाल दिला. स्थानिक संस्थांत ओबीसींना राखीव जागा द्यायच्या तर त्यांच्या मागासलेपणाची ताजी, काटेकोर आकडेवारी हवी, आणि एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांच्या वर जाता कामा नये. वर्तमानपत्रांत तेव्हा 'इम्पिरिकल डेटा' हा शब्द रोज यायचा. चहाच्या टपरीवर काही जण त्याला 'इम्पिरियल' म्हणत, आणि १९३१ चा इतिहास पाहता ते अगदीच चूक नव्हते. धुळे, नंदुरबार, अकोला, वाशिम, नागपूर या जिल्हा परिषदांतल्या ओबीसी जागांवर निवडून आलेल्या सदस्यांची पदे गेली. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी त्या जागांवर पोटनिवडणूक झाली, ती सर्वसाधारण जागा म्हणून. राज्य सरकारने केंद्राकडे २०११ चा डेटा मागितला. १५ डिसेंबरला न्यायालयाने ती मागणी फेटाळली.

मग बांठिया आयोग आला. जयंतकुमार बांठिया हे २००१ च्या जनगणनेचे आयुक्त राहिलेले, मोजणीतले जाणकार गृहस्थ. पण वेळ थोडा आणि जातीचा आकडा कुठेच नाही. तेव्हा मतदार याद्यांतल्या आडनावांवरून ओबीसींची संख्या काढली गेली आणि ती ३७ टक्के भरली. २० जुलै २०२२ रोजी न्यायालयाने तो अहवाल धरून निवडणुका घ्यायला परवानगी दिली. राजकीय आरक्षण परत आले ही समाधानाची गोष्ट. पण आडनावावरून जात ओळखण्याच्या पद्धतीवर सर्वपक्षीय टीका झाली आणि ती रास्त होती. खानदेशातल्या मुसलमानांच्या बाबतीत तर विचारूच नका. पिंजारी, मणियार, बागवान, तडवी ही आडनावे आहेत, खरे. पण शेख, खान, पठाण, शाह, सय्यद यांच्याआड कोण आहे, हे आडनाव सांगत नाही. अशी कितीतरी घरे आहेत जिथे थोरला भाऊ पिंजारी लावतो आणि धाकटा शेख. मतदार यादीत ते एकमेकांचे कुणी लागत नाहीत.

यावर आपल्याच लोकांचा एक आक्षेप असतो, आणि तो मी गंभीरपणे घेतो. इस्लाममध्ये जात नाही, मग आपण ती नोंदवून घ्यायची कशाला? जुम्याच्या बयानातही हे ऐकले आहे. मशिदीच्या सफेत खांद्याला खांदा लागतो हे खरे आहे. त्या सफेत पिंजारी आणि सय्यद वेगळे उभे राहत नाहीत. पण सफ मोडून घरी गेल्यावर सोयरीक कुणाच्या घरी जुळते, हेही आपल्याला माहीत आहे. गरिबी बिरादरीनुसार वाटलेली असेल तर तिची मोजणी धर्माच्या एका रंगात होत नाही. एकजूट दाखवायला सगळ्यांनी 'मुसलमान' एवढेच लिहावे, हा सल्ला देणाऱ्यांच्या घरात बहुधा दाखल्याची गरज पडलेली नसते. हे थोडे कडू बोललो, पण मागे घेत नाही.

आता नवी जनगणना ठरली आहे. १६ जून २०२५ ला अधिसूचना निघाली, १ मार्च २०२७ ही संदर्भाची तारीख. २०२१ मध्ये व्हायचा रिफ्रेश करोनात थांबला तो सहा वर्षे लांबला. या वेळी जात विचारली जाणार आहे, आणि नोंद मोबाइलच्या ॲपवर होणार आहे. भाच्याला यातले तांत्रिक अंग जास्त कळते. त्याचे म्हणणे, नावांचा कोश आधी पक्का करा, सगळी पर्यायी नावे एका क्रमांकाखाली आणा, आणि माणसाने सांगितलेला मूळ शब्दही शेजारी वेगळा जपून ठेवा. अहवालात नको, पण कुठेतरी असू दे. त्याच्या पेढीत त्याने आता तेच केले आहे. मध्यंतरी एका शेतकऱ्याने पावती दाखवून वजनाची तक्रार केली, अहवालात ती सापडेना, तेव्हा मूळ वहीतून काढून द्यावी लागली होती.

ईदच्या दिवशी सगळे घरात जमले होते. मी विचारले, २०२७ मध्ये गणक दारात आला तर जात काय सांगायची? वडील म्हणाले, पिंजारी, दुसरे काय. चुलत भाऊ म्हणाला, मन्सुरी सांगा, संघटनेने तसे ठरवले आहे आणि ऐकायलाही बरे वाटते. धाकटी पुतणी कॉलेजात आहे, तिने मान वर न करता सांगितले, माझ्या आधारवर शेख आहे. दादीला ऐकू कमी येते. तिने दोनदा प्रश्न विचारून घेतला आणि म्हणाली, धनुकली अजून माळ्यावर आहे, तीच दाखवा त्याला.